घरी बसून शिलाईचा धंदा सुरू करताय? आधी वेळेचं कटिंग शिका

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यावर राहते मी. घराच्या छपरीत मशीन टाकून नऊ वर्षं झाली, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, जे येईल ते शिवते. यंदा आमच्या बचत गटातल्या तिघींनी मशीन घेतली आणि तिघी पण एकच विचारतात, ताई तुम्हाला वेळ कसा पुरते बाप्पा, आम्ही सकाळपासून मशीनवर बसतो आणि सांजी पाहतो तर एकच ब्लाऊज, तो पण अर्धा. तिघींना तीनदा सांगून झालं, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते. शिलाईचं सांगते कारण मला तेच येतं, पण तुम्ही पापड-कुरडया करत असाल, पार्लर असेल, डबे देत असाल, तरी गाडी साधारण इथंच अडते.

आधी एक सांगते, तुम्ही आळशी आहात म्हणून काम मागं पडते असं घरचे म्हणत असतील तर ते कानाआड करा. आळशी बाई मशीन घेतच नाही. दुकानवाल्याला वेळ सलग मिळतो आणि घरी काम करणारीला चिंध्या मिळतात, दहा मिनिटाची एक, वीस मिनिटाची एक. चिंध्यांची गोधडी होते पण पैठणीचा ब्लाऊज होत नाही, आणि आपण नेमकी चूक तीच करतो, चिंधीवर ब्लाऊज बेततो.

पहिलं काम : चार दिवस नुसतं लिहा

काहीच बदलू नका, फक्त लिहा. वही नको, वही हरवते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा आणि पेन दोऱ्यानं मशीनलाच बांधून ठेवा, नाहीतर पोट्टे पळवतात. मशीनवर कधी बसलात, कधी उठलात, कशासाठी उठलात, बस एवढंच. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सकाळी ११ ते ५ असे सहा तास बसले होते असं मला वाटत होतं आणि मशीन खरी चालली होती २ तास १० मिनिटं. १९ वेळा उठले होते. नळ आला, शेळी सुटली, मामाजींचा चहा, सिलिंडरवाला, शेजारच्या काकूला साखर, पोराची चप्पल सापडेना, लाइन गेली म्हणून उठले आणि लाइन आली म्हणून पण उठले कारण पंप लावायचा होता. यातलं एक पण काम फालतू नव्हतं हो, म्हणूनच तर ते ध्यानात येत नाही. चार दिवसाचं लिहिलेलं पाहिलं की तुमचं तुम्हालाच दिसेल की कोणत्या वेळेला तुम्ही कमी उठता. ती वेळ तुमचं सोनं आहे, तिच्यावर खूण करून ठेवा.

दुसरं काम : कामाचे दोन ढीग करा

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं याच्यावरच आहे.

शिलाईत काही कामं अशी असतात की मधात उठलं की गेलं, आणि काही अशी की दहादा उठा काही बिघडत नाही. पहिल्या ढिगात आखणी, कटिंग, काठ जुळवणं, गळ्याची पायपिंग, बाही बसवणं. दुसऱ्या ढिगात हुक लावणं, हाताची तुरपाई, फॉलला कच्चे टाके, धागे तोडणं, प्रेस, बॉबिन भरणं, अस्तर भिजवून वाळत घालणं. सुती अस्तर आधी भिजवावंच लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि ब्लाऊजला चुण्या पडतात, मग बाई म्हणते तुम्हीच माप चुकवलं.

सलग वेळ मिळाला की त्यात दुसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही, आणि चिंधी मिळाली की पहिल्या ढिगाला हात लावायचा नाही.

हे मी कशी शिकले ते सांगते. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका नवरीच्या मावशीची पैठणी आली. कापड दुमडून ठेवलं, मागचा भाग कापला, पुढचे भाग कापले, एक बाही कापली आणि तेवढ्यात सिलिंडरवाला आला. गेले, पैसे दिले, सुट्टे नव्हते म्हणून शेजारी गेले, परत येऊन दुसरी बाही कापली. सांजी जोडायला घेतली तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाहीची गोलाई पुढून जास्त खोल असते आणि मागून कमी, म्हणून कापड सुलटं-उलटं पाहून एक बाही दुसरीच्या आरशातल्यासारखी कापावी लागते, आणि साध्या कापडाला बाही पलटून चालून जाईल पण जरीच्या काठाला कुठं पलटवता, उलट बाजूनं धागे दिसतात. ब्लाऊज पीस मीटरभराचाच, उरलं काही नाही. शेवटी मावशीच्या हातापाया पडून साडीच्या आतल्या टोकाचा, कमरेत खोचतात तो तुकडा काढला आणि काठ वेगळा लावून बाही केली. शिलाई मागायची हिंमतच झाली नाही. दोन मिनिटाच्या उठण्यानं अख्खा दिवस आणि शिलाई दोन्ही गेलं. तेव्हापासून कात्री हातात असली की घराला आग लागली तरच उठायचं, आणि उठावंच लागलं तर कापडावर खडूनं मोठा बाण काढून उठायचं की इथून पुढं कोणत्या हाताचं.

यातूनच एक सवय लागली, एका दिवशी एकाच जातीचं काम. सोमवारी आणि गुरुवारी फक्त कटिंग, पाच-सहा ब्लाऊज एका बैठकीत कापायचे, प्रत्येकाचं पुडकं बांधायचं, त्यातच अस्तर, हुक, मॅचिंग रिळ आणि मापाची चिठ्ठी. मग शिवायच्या दिवशी उठून काही शोधावं लागत नाही, पुडकं सोडलं की मशीन सुरू. रंगाप्रमाणं पण लावून घ्या, लाल-मरून एका मागं एक, नाहीतर दर ब्लाऊजला रिळ आणि बॉबिन बदलण्यातच दहा मिनिटं जातात.

पोमोडोरो नावाची एक पद्धत मोबाईलवर बम दिसते तुम्हाला. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटलीच्या माणसानं १९८० च्या दशकात शेवटी शेवटी काढली, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं आराम. मी करून पाहिलं. घंटी वाजली तेव्हा अर्धा गळा सुईखाली. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ते बरं असेल, आपल्या कामाला मिनिटावर नाही, तुकड्यावर थांबायचं. दोन बाह्या झाल्या, उठा. गळा झाला, उठा. मधात नाही. हुक-तुरपाईसाठी मात्र कुकरच्या शिट्ट्या हेच माझं घड्याळ, वरणाच्या कुकरमागं एका ब्लाऊजचे हुक होतात.

तिसरं काम : गावाचं घड्याळ पहा

मोठमोठे लोक सांगतात पहाटे चारला उठा नि यशस्वी व्हा. अहो आम्ही चारलाच उठतो, सडा-सारवण आणि डब्यातच सात वाजतात. तुमचा सलग वेळ कधी ते गाव ठरवते, आणि दर मोसमात वेगळा ठरवते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, छपरीवर टिनं, दुपारी १२ नंतर मशीनचं लोखंड हाताला चटके देते. कूलर लावला तर कापड उडते, नाही लावला तर घामाचे डाग रेशमावर पडतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये कटिंग पहाटे साडेपाच ते आठ, स्वयंपाकाची घाई त्यानंतर, यावरून घरात थोडी कुरकुर झाली पण झालं सुरू. दुपारी आतल्या मातीच्या खोलीत बसून हुक आणि तुरपाई. एक फायदा आहे, भिजवलेलं अस्तर अर्ध्या तासात कडक वाळते.

पावसाळ्यात तेच अस्तर दोन दोन दिवस वाळत नाही म्हणून मे महिन्यातच पांढरं, काळं, लाल, मरून अस्तर भिजवून घडी करून ठेवते.

आणि सगळ्यात चांगला वेळ हिवाळा. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, सकाळी नऊला बाया वावरात जातात त्या पाच-साडेपाचला परत, गावात म्हातारे आणि कुत्रेच राहतात. १० ते ४ कोणी दारात येत नाही. मी स्वतः पहिले दोन वर्षं वेचणीला जायची कारण रोजची मजुरी हातात दिसते, मग हिशोब करून पाहिला तर त्या सहा तासात मशीनवर जास्त पडते, पण हे प्रत्येकीनं आपापलं करून पाहावं, मशीन नवीन आहे तोवर हात चालत नाही आणि वेचणीच परवडते, त्यात लाज कशाची.

रात्री जागून शिवू नका. मी केलं आहे, हे ओलिताला रात्री वावरात जायचे, शेतातली लाइन कधी दिवसा तर कधी रात्री, मला पण झोप येत नव्हती म्हणून बसायची. बल्बच्या उजेडात बाटली हिरवा आणि काळा धागा सारखाच दिसते. सकाळी उसवत बसली.

चौथं काम : ‘घरीच तर आहेस’

सगळ्यात अवघड हेच. आमच्या दारातला रोजचा संवाद ऐका.

‘काय करून राहिली वं?’
‘ब्लाऊज शिवून राहिली काकू, बसा ना.’

इथंच संपलं. ‘बसा’ म्हटलं की पाऊण तास गेला. त्यात काकूंचा दोष नाही, बसा आपण म्हटलं. आता मी म्हणते, ‘काकू, कात्री चालू आहे हो, सांजी सहाला या, चहा पण घेऊ.’ पहिल्या महिन्यात दोघी-तिघी रुसल्या, एक तर चार महिने दुसरीकडं शिवायला गेली, मग आली परत. माप घेणं, कपडे देणं-घेणं फक्त सहा ते आठ, हे खडूनं दारावर लिहिलं आहे, पण लिहिलेलं कोणी वाचत नाही, तोंडानंच सांगावं लागते, आणि माझ्यापेक्षा आमच्या आत्याबाई चांगलं सांगतात. त्या ओट्यावर बसल्या असतात, कोणी आलं की त्याच म्हणतात, ‘सहाले ये वं बाई, आता ते कापून राहिली.’ पूर्वी त्यांनाच वाटायचं सून बसून राहते. वळवलं कसं सांगू का, एका शनिवारी महिन्याचा हिशोब त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला आणि त्यातून त्यांच्या चष्म्याचे पैसे काढून दिले. घरच्यांना समजावून काही होत नाही, पैसा दिसला पाहिजे.

छपरीला एक पडदा लावा. पडदा पडलेला म्हणजे आई कटिंगला आहे, हे पोरांना पण कळते. पोरगा तरी पडद्याच्या खालून वाकून विचारतो, आई आत येऊ का, तो भाग वेगळा.

पण शहरासारखं दार लावून घेता येत नाही बरं. मयत झाली, बारसं आहे, कोणाकडं पाहुणे बघायला आले, जावंच लागते, आणि तिथंच चार नवीन ब्लाऊजची ऑर्डर पण मिळते. म्हणून आठवड्यात एक दिवस रिकामाच धरा, त्याच्यावर काही लिहू नका, तो कुठं ना कुठं जाणारच आहे.

पाचवं काम : तारीख देताना जीभ आवरा

नवीन बाई गिऱ्हाईक तुटेल म्हणून ‘हाव, परवा देते’ म्हणते. नका म्हणू. एका कामाला तुम्हाला खरंच किती वेळ लागतो ते कॅलेंडरवर लिहिलंच आहे ना. माझा हात असा : साधा ब्लाऊज सव्वा तास, अस्तरचा अडीच, प्रिन्सेस कट पायपिंगसकट साडेतीन तास. तुमचा याच्या दुप्पट धरा सुरुवातीला. दिवसाचे खरे मशीनवरचे तास चार पकडले तर अस्तरचे दोन पण होत नाहीत धड. मग त्यात दोन दिवस मिळवून तारीख सांगायची आणि एक दिवस आधी द्यायचं. अस्तर-हुकाचे पैसे आगाऊ घ्यायचे, नाहीतर आपल्या पैशानं आणलेलं अस्तर लावून ब्लाऊज चार चार महिने खुंटीवर टांगलेले राहतात.

आपल्या भागाचा सीझन पण पाठ करून ठेवा. अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, जूनपर्यंत लग्नं. मग शाळा, विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडं उघडतात, त्यामुळं युनिफॉर्मची गर्दी लग्नाची संपली की लागलीच येते, एकावर एक पडत नाही, हे आपलं नशीब. मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा. सोयाबीन सोंगणीच्या दिवसात गिऱ्हाईक नसते, बाया सगळ्या वावरात, पण दिवाळीचं शिवायचं तर आहेच, तेव्हाच घरोघरी जाऊन कापडं गोळा करून आणा, दिवाळीच्या आठवड्यावर राहिलात तर रडाल. लग्नसराईत अखाजीच्या पंधरा दिवस आधी मी नवीन नवरीचे ब्लाऊज घेणं बंद करते म्हणजे करतेच. सख्ख्या नणंदेला पण नाही म्हटलं एकदा, ते प्रकरण अजून निघते.

लाइन, मोबाईल आणि सामान

मोटर लावली तरी पायाचा पट्टा फेकू नका. लाइन गेली की मोटरचा पट्टा उतरवा, पायाचा चढवा, दोन मिनिटाचं काम. प्रेस मात्र लाइन असेपर्यंतच होते म्हणून लाइन आहे तोवर आधी प्रेस उरका.

मोबाईलवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकून घ्या, फुकट आहे. त्यात कामाची वेळ टाकता येते आणि त्या वेळेबाहेर कोणी मेसेज केला तर आपोआप उत्तर जाते, मी टाकलं आहे की मशीन चालू आहे, सांजी सहानंतर बोलते. गळ्याच्या डिझाइनचे फोटो त्यातल्या कॅटलॉगमध्ये नंबर देऊन ठेवले की बाई नुसतं ‘सात नंबर’ म्हणते, अर्ध्या तासाची चर्चा वाचते. गळे पाहायच्या नावाखाली रील उघडू नका, बस. मी सात मिनिटं म्हणून उघडते आणि वरण करपते.

सामानाचं मोठं सोंग आहे. धाग्याची एक शेड संपली की अख्खा ब्लाऊज अडतो आणि आपण म्हणतो चला आर्वीला जाऊन येऊ. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर पाय लागलीच उचलतो, पण तिकीट अर्धं झालं तरी दिवस पूर्णच जातो. पंधरा दिवसातून एकदाच जा. रिळाचं रिकामं खोकं फेकायचं नाही, एका डब्यात टाकायचं, जायच्या दिवशी तो डबाच पिशवीत घालून न्यायचा, यादी करायची गरज नाही, दुकानदाराला डबा दाखवला की तो शेड लावून देते.

कागदाची कामं पण अशीच एका दिवसात गोळा करा, पोळ्याच्या आधी थोडं ढिलं असते तेव्हा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, कोणी फी सांगितली तर ती त्याच्या टायपिंगची समजा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत, त्यात शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज ५०० रुपये. घरातल्या एकालाच मिळते. ट्रेनिंगचे दिवस आले तर गिऱ्हाइकांच्या तारखा आधीच पुढं ढकला, मागून फोन उचलत बसू नका.

शेवटचं : आठवड्याचा हिशोब, पण तासाचा

शनिवारी रात्री भांडी झाली की कॅलेंडर उलटं करते आणि प्रत्येक कामापुढं दोन आकडे लिहिते, किती मिळाले आणि किती वेळ गेला. नुसते पैसे लिहिले तर फसता. मला वाटायचं अल्टरचं काम सोपं, चेन बदल, ब्लाऊज सैल कर, पँट आखूड कर, वीस-तीस रुपये हातोहात. लिहिल्यावर कळलं की काम दहा मिनिटाचं, पण बाई ‘बस आता करून दे’ म्हणून समोर बसते आणि तिच्यासमोर आपलं चालू असलेलं पुडकं सोडावं लागते, धागा बदलावा लागते, परत आपला धागा लावावा लागते, मिळून चाळीस मिनिटं. बंद तर करता येत नाही, तीच बाई दिवाळीला चार ब्लाऊज टाकते.

म्हणून मग दाराच्या खुंटीला एक पिशवी टांगली. अल्टरचं जे काही असेल ते त्यात टाकून जायचं, नाव आणि काय करायचं त्याची चिठ्ठी टाचणीनं लावायची, शुक्रवारी मी सगळं एकदम करते, शनिवारी न्यायचं. चालून राहिलं बरं. परवाच्या शुक्रवारी पिशवी उपडी केली तर दोन पँटी, एक परकर आणि पाव किलो वांगे निघाले. वांग्याला चिठ्ठी नव्हती.